नव्वद सेकंदांचा धनी

पानाबाईचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. पावणेपाचला नाही आणि साडेचारलाही नाही. गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आधीच तिचा हात त्याच्या डोक्यावर पडायचा. मेणबत्तीच्या उजेडात ती तोंड धुवायची, केस विंचरायची, धुतलेले कपडे घालायची आणि चार अठ्ठावन्नला खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसायची. पडदा काळा, खोली काळी. वस्तीत रात्रभर वीज बंद ठेवत. ती यायची ठोक पाचला. आधी जिन्यातला दिवा लागायचा, मग खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर घुरघुरायची. तोवर पानाबाईने बटण दाबलेलं असायचं.

तिकडे दूरदेशी तिच्या लेकीला त्याच वेळी दहा मिनिटांची सुट्टी व्हायची. लेक शीतगृहात कामाला होती. आत जाताना फोन काढून ठेवावा लागे. विश्रांतीच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, त्यावर ती बसायची. राहत्या जागी नेट नव्हतं आणि दूरचा फोन परवडण्यासारखा नव्हता. त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस, रोज दहा मिनिटं, एवढीच लेक पानाबाईच्या वाट्याला आली होती. दहा मिनिटं झाली की तिकडे घंटा व्हायची. घंटा झाली की लेकीचा चेहरा जायचा आणि पडद्यावर पानाबाईला स्वतःचाच चेहरा दिसायचा.

या दहांतली चार मिनिटं दहा सेकंद कॉम्प्युटर नुसता जागा व्हायलाच खात होता. मग आवाज येतोय का, दिसतंय का, जेवलीस का, यात आणखी एक मिनिट. उरलेल्या पाचांत कसला संसार बोलणार?

गेले काही आठवडे लेक मध्येच थांबायची. "आई, एक सांगायचंय गं. पण ते असं घाईत नाही सांगता यायचं." आणि घंटा व्हायची.

पानाबाईच्या जिवाला त्या एका वाक्याने घोर लावला होता. आजारी आहे का? लग्नाचं काही आहे का? परत येतेय का? हा तिसरा विचार ती मनात फार वेळ ठेवत नसे. तापलेलं भांडं जसं उचललं की लगेच खाली ठेवायचं, तसं.

*

तिला पानाबाई म्हणायला लागले ते कारखान्यात. बाटल्या भरायचा कारखाना होता. बाकीच्या बायका खोकी बांधायच्या टेबलावर, ही एकटी यंत्राखाली. एप्रनच्या खिशात कायम पाना असायचा, तेच तिचं नाव पडलं. बत्तीस वर्षं तिने देखभालीचं काम केलं. तिचा हात फार चलाख नव्हता. तिच्यापेक्षा भराभर काम करणारे पुष्कळ होते. पण तिने घट्ट केलेला नट दुसऱ्या दिवशी कोणाला पुन्हा घट्ट करावा लागला नाही.

नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. प्रत्येक यंत्राला एक वही टांगलेली असे. यंत्रात कोणता भाग कुठे आहे, ते तिच्यात लिहिलेलं. एखादा भाग काढला की आधी वहीत खोडायचा, मग हात पुसायचे. एकदा एका नव्या गड्याने बाटल्या सरळ धरणारी पट्टी काढली, दुरुस्तीला धाडली आणि वहीत खोडायला विसरला. पुढच्या पाळीच्या माणसांनी ती पट्टी चार तास शोधली. यंत्राखाली, पेट्यांत, कचऱ्यात. वहीत आहे म्हटल्यावर यंत्रात असणारच, अशी त्यांची समजूत. पानाबाई त्या गड्याला म्हणाली होती, "चोरी केली असतीस तर एकाचंच नुकसान झालं असतं. तू चार माणसांना नसलेल्या वस्तूची वाट बघायला लावलीस."

हे वाक्य कारखान्यात पुढे बरीच वर्षं चाललं. कोणी चहा आणायला उशीर केला तरी त्याला ते ऐकवत.

कॉम्प्युटर लेकीचा. शिकत असताना तिने जुने भाग गोळा करून जोडला होता. त्यात कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स घातलं, कारण ते फुकट होतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही चालत होतं. पेटीत दोन डिस्क होत्या. एक कॉम्प्युटरची, एक लेकीची स्वतःची, तिचे फोटो, गाणी, अभ्यासाच्या नोंदी असलेली.

लेक गेली त्या सकाळी सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं. गाडी यायला अर्धा तास होता. तेवढ्यात लेकीला आठवलं, डिस्क न्यायची राहिली. तिने विजेरी धरली आणि पानाबाईने स्वतःच्या हाताने चार स्क्रू सोडवले. चारही स्क्रू डबीत टाकले, डबीवर चिठ्ठी लावली. डिस्क जुन्या मोज्यात गुंडाळून लेकीच्या पिशवीत घातली. पेटीत एक वायर लोंबकळत राहिली. तिचं टोक पानाबाईने वळवून नीट कडेला बसवलं. मग गाडीचा हॉर्न वाजला.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. पानाबाईला ते जाणवलं होतं. पण त्या दिवसापासून घरात सगळंच रेंगाळायला लागलं होतं. नळाचं पाणी, दुपार, जिना चढणं. त्यात कॉम्प्युटरचं वेगळं काय मोजायचं? शिवाय जुनी डिस्क खरंच थकली होती, दर महिन्याला थोडी जास्त कुरकुरत होती. सव्वा वर्षात चार मिनिटं दहा सेकंदांवर गाडी आली.

*

कोपऱ्यावर एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला होता. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणत. चष्मे तीनदा बदलले तरी नाव तेच राहिलं. तो म्हणाला, "मावशी, डिस्क म्हातारी झालीय. आत तबकडी फिरते ना, ती दमलीय. आता नव्या येतात, त्यांत फिरणारं काहीच नसतं. ती घाला, घोडा होईल तुमचा."

"आणि नाही झाला तर?"

"तर माझं नाव बदला."

"तुझं नाव आधीच बदललेलं आहे," पानाबाई म्हणाली.

निवृत्तीच्या पैशांत नवी डिस्क बसत नव्हती. ती इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत गेली आणि यंत्रांची देखभाल करायला माणूस हवा का विचारलं. मुकादमाने तिचं वय विचारलं. तिने उत्तर द्यायच्या ऐवजी समोरच्या इस्त्रीच्या रुळाला कान लावला आणि डाव्या टोकाचं बेअरिंग आठवडाभरात जाणार असं सांगितलं. ते सहाव्या दिवशी गेलं. सातव्या दिवसापासून ती कामावर होती. पाच वीसची बस, सहाची पाळी. वाफेत उभं राहायचं, गुडघे भरून यायचे, चादरींचा ढीग संपतच नसे. चार महिने तिने हे केलं आणि डिस्क घेतली.

तारवाल्याने घरी येऊन ती बसवली. पेटी उघडल्यावर कडेला वळवलेली वायर त्याला दिसली. "ही मोकळीच आहे, हीच लावू," तो म्हणाला. पानाबाईचा हात क्षणभर पुढे आला आणि मागे गेला. मोकळी होतीच. मोकळी वस्तू वापरायची नाही, हा कसला हट्ट? तारवाल्याने जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवलं. जुनीही पुसून आतच राहू दिली, वरकड सामान ठेवायला. इतकी वर्षं राबलेल्याला घराबाहेर काढायचं पानाबाईच्या मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचला तिने घड्याळ लावलं. दोन मिनिटं वीस सेकंद.

तारवाला खूश झाला. पानाबाई झाली नाही. काम अर्धं झालं की तिला पूर्ण बिघडल्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा.

तिने लेकीची एक जुनी वही काढली आणि रोज लिहायला लागली. एकूण वेळेवर तिचा भरवसा नव्हता. एकूण म्हणजे सगळ्यांची पापं एकाच पोत्यात. तिने तुकडे पाडले. बटण दाबल्यापासून चित्र येईपर्यंत किती. चित्राखालचे ठिपके फिरायला लागल्यापासून थांबेपर्यंत किती. तिथून सगळं उघडेपर्यंत किती. आठ दिवसांत पहिला आकडा कधी अकरा, कधी तेरा. तिसरा कधी चौतीस, कधी अडतीस. मधला नव्वद. नव्वद. नव्वद. आठही दिवस नव्वद.

नवव्या दिवशी बसमध्ये ती वही मांडीवर घेऊन बसली. शेजारचा माणूस वहीत डोकावून म्हणाला, काय, रक्तदाब लिहिता का? ती हो म्हणाली.

थकलेलं यंत्र कसं असतं हे तिला ठाऊक होतं. ते आज पंच्याऐंशी घेतं, उद्या सत्त्याण्णव. थंडीत जास्त, तापल्यावर कमी. झीज कधीच गोल आकड्यात येत नाही. जे रोज बरोबर नव्वद घेतं ते थकलेलं नसतं. ते थांबलेलं असतं. कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं, नव्वदपर्यंत वाट बघ आणि मग पुढे जा.

संध्याकाळी ती सरळ तारवाल्याकडे गेली. त्याला घरघरणारा पंखा लावून बसायची सवय होती. तिने पंखा बंद केला, म्हणजे तो ऐकेल.

"हे काम करत नाहीये," ती म्हणाली. "हे कोणाची तरी वाट बघतंय."

"मावशी, कॉम्प्युटर वाट बघत नसतो."

"मग घरी चल आणि मला दाखव काय करतो ते."

*

तारवाल्याने आधी एक आज्ञा टाइप केली. सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला, त्याची यादी त्या आज्ञेने मिळते. नेटवाल्याने आठ सेकंद, अमक्याने तीन, तमक्याने दोन. सगळ्यात लांब आठ. यादी खालीपर्यंत बघितली. नव्वद कुठेच नव्हते.

"बघा," तारवाला म्हणाला. "सगळे कामसू आहेत. एकही चोर नाही."

"म्हणजे नव्वदचा धनीच यादीत नाही," पानाबाई म्हणाली. "जो कामावर आलाच नाही, त्याची हजेरी यादीत कशी असेल? न आलेल्यांची यादी कुठे असते?"

तारवाल्याने डोकं खाजवलं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि ठिपके फिरायला लागताच एक कळ दाबली. चित्र बाजूला झालं. मागे काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी होत्या. सगळ्यात खालच्या ओळीत लाल चांदण्या इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होत्या, पिंजऱ्यातल्या जनावरासारख्या. पुढे एक लांबलचक क्रमांक आणि चालता आकडा. एकवीस. बावीस. तेवीस. त्याच्या शेजारी लिहिलेलं, एक मिनिट तीस.

इतके दिवस हे चित्रामागे रोज चाललेलं होतं.

नव्वद झाले तसा कॉम्प्युटर पुढे गेला. नोंदी उघडून तारवाल्याने ती ओळ काढून दाखवली: अमुक क्रमांकाच्या डिस्कची वाट बघितली, वेळ संपली.

"कोणती डिस्क ही?" तो स्वतःशीच म्हणाला. "आत तर दोनच आहेत. दोघींचेही क्रमांक वेगळे."

पानाबाई उठली. स्क्रूंची डबी आणली, झाकणावरची चिठ्ठी वाचली आणि परत ठेवली. "लेकीची," ती म्हणाली, "ती गेली तेव्हा मीच काढून दिली."

मग तारवाल्याला सगळं उलगडलं आणि तो सांगायला लागला. कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते, सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जागेवर आहेत ते बघायची. मशीनची वहीच म्हणा, मावशी. तुमच्या या कॉम्प्युटरची मेमरी मुळात तोकडी. हातात मावेनासं झालं की सामान तात्पुरतं ठेवायला त्याला कुठेतरी कोपरा लागतो. लेकीने तो कोपरा आपल्या डिस्कवर करून दिला होता. डिस्क गेली, यादीतली ओळ राहिली. रोज उठल्यावर हा आधी तो कोपरा शोधतो. नव्वद मोजतो. मग तसाच कामाला लागतो. नव्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं उतरवलं, त्यात ही वाट बघणंही उतरलं.

पानाबाई खाटेवर बसली. बत्तीस वर्षं लोकांना शिकवलेली गोष्ट. काढलं की आधी खोडायचं. स्वतःच्या हाताने स्क्रू काढले आणि दीड वर्षाहून जास्त एका यंत्राला नसलेल्या वस्तूची वाट बघायला लावली. त्या नव्या गड्याचा चेहरा तिला आठवला. जरा जास्तच बोललो आपण त्याला, असं तिला पहिल्यांदा वाटलं. त्याच्याही घरातून त्या दिवशी कोणी गेलं असेल, कोणी विचारलं होतं?

"काढून टाकतो ही ओळ," तारवाला म्हणाला. बोट कळीवर होतं.

"थांब."

"अहो, ती डिस्क नाहीये आता."

"आत्ता नाहीये. ओळ राहू दे. ओळ ठेवून वाट बघणं थांबवता येतं का, तेवढं बघ."

तारवाल्याने तिच्याकडे बघितलं, चष्मा वर ढकलला. येतं, म्हणाला. ओळीच्या शेवटी एक शब्द घालायचा. त्याचा अर्थ असा की, आली तर जागेवर घे, नाही आली तर अडून बसू नको.

"मग तो घाल. नको, मला सांग. मी घालते."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने तो सहा अक्षरांचा इंग्रजी शब्द टाइप केला. त्याने दोनदा तपासला, तिने तिसऱ्यांदा. त्याचे पैसे विचारले तर तो म्हणाला, नव्वद सेकंद तुम्ही शोधलेत, मी नुसता चष्मा लावून बसलो होतो.

*

दुसऱ्या दिवशी पाचला वीज आली. पानाबाईने बटण दाबलं. अकरा सेकंदांत चित्र आलं. ठिपके एकदा फिरले आणि गेले. पन्नासाव्या सेकंदाला सगळं उघडलं. नेटचा डबा त्याच्या आधीच जागा होऊन बसला होता. पाच वाजून एक मिनिटाला लेकीच्या चेहऱ्यासमोर आईचा चेहरा होता, आणि लेकीच्या तोंडात पावाचा घास होता.

"आई? एवढ्यात? मी आधी खाऊन घेते तोवर तुझं सुरू होतं, म्हणून..."

"खा, खा. आज घाई नाही."

लेकीने घास गिळला. डोक्यावर जाड टोपी, नाक लाल. जेवणाचं, झोपेचं, गुडघ्याचं बोलून झालं. पाच वाजून चार मिनिटं. जुनी डिस्क होती तेव्हा या वेळेला ती नुकती दिसायला लागायची. अजून सहा मिनिटं बाकी होती. दोघींनाही ते कळत होतं. एवढ्या वेळाचं काय करायचं याची सवय सुटली होती.

"काय सांगायचं होतं तुला?" पानाबाईने विचारलं.

लेकीने खाली बघितलं. मग सांगितलं. तिला तिथे मुकादम करताहेत. तीन वर्षांचा करार. या वर्षी येते म्हणाली होती, ते आता जमायचं नाही. पण खरी गोष्ट ती नव्हती, आणि ती सांगायलाच तिला वेळ हवा होता.

"मला इथे आवडायला लागलंय, आई. पैशासाठी राहते असं सांगितलं असतं तर तुला सोपं गेलं असतं. पण तसं नाहीये. मला आवडतंय."

पानाबाईने वहीवर ठेवलेली पेन्सिल सरळ केली.

"मग राहा," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"रागावायला काय झालं? काम आवडणारी माणसं आपल्या घरात आहेतच. कुठून आलं ते तुझ्यात, ते मला विचारायला नको." मग ती म्हणाली, "तुझी ती डिस्क नीट आहे ना?"

"आहे की. मोज्यातच आहे अजून. का गं?"

"काही नाही. गारठ्यात ठेवू नकोस."

पाच वाजून सात मिनिटं झाली होती. लेकीने टोपी काढून केस दाखवले, कापले होते. पानाबाईने मान डोलावली. मग दोघी नुसत्या बघत बसल्या. घंटा झाली तेव्हा लेक म्हणाली, "किती दिवसांनी घंटा उशिरा झाली." आणि गेली.

पानाबाईने पाच वीसची बस पकडली. लॉन्ड्रीतलं काम आता सोडता आलं असतं. डिस्क आली होती, कॉम्प्युटर घोडा झाला होता. तिने ते सोडलं नाही. मुकादमाने कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दुसऱ्या रुळाचं बेअरिंग कुरकुरत होतं, तेवढं पुरे होतं.

आठवड्याची मजुरी हातात आली तशी ती बसमधून कोपऱ्यावर उतरली आणि तारवाल्याकडे डिस्कला लावायची एक वायर मागितली.

"तिसरी डिस्क घेतलीत की काय?"

"नाही."

"मग वायर कशाला?"

"तुझ्या दुकानात गिऱ्हाईकाला कारण सांगावं लागतं का?"

त्याने गल्ल्यामागून एक वायर काढून दिली. घरी येऊन तिने पेटी उघडली. विजेचं एक टोक आत मोकळं होतंच. वायरीचं एक टोक बोर्डावरच्या तिसऱ्या खाचेत टक् आवाज येईपर्यंत दाबलं. दुसऱ्या टोकाला धूळ जाऊ नये म्हणून कागदाची टोपी घातली आणि ते कडेला, जिथे आधीची वायर होती तिथेच, वळवून बसवलं. चार स्क्रूंची डबी पेटीच्या तळाशी ठेवली. मग वहीत लिहिलं, तिसरी जागा, तयार. आणि हात पुसले.

त्या आठवडाभराच्या वाफेतून आणि गुडघ्यांतून सगळ्यात आधी काय आलं, तर ही वीतभर लाल वायर.